यशवंतपुरातली काळी बीअर

बंगळूरहून परत येऊन दीड महिना झाला, तरी गल्लीतल्या बायका भेटल्या की विचारतात, "काय काय बघितलंत?" त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडं फारसं काही नाही. बागा बघितल्या नाहीत, राजवाडा बघितला नाही, एक साडीसुद्धा घेतली नाही. अठरा दिवसांत बीअरचा एक कारखाना, एक दवाखाना आणि लेकीचा भाजलेला हात, एवढंच बघून आले. जाताना दमलेली होते, येताना जास्त दमलेली होते. पण काळी बीअर म्हणजे काय आणि ती करतात कशी, हे माझ्यासारखंच ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

मी एकतीस वर्षं मिरजेत नर्स होते. त्यातली शेवटची अकरा पुरुषांच्या वॉर्डात. दारूनं लिव्हर गेलेले किती पुरुष मी उशीला टेकवून बसवले, किती जणांच्या पोटातलं पाणी काढताना बादली धरली, त्याचा हिशोब ठेवलेला नाही. आणि माझी एकुलती एक लेक, वृंदा, बंगळुरात बीअर बनवते. मिरजेत आम्ही सांगतो, "फूड कंपनीत आहे." तीन वर्षं ती "ये, ये" म्हणत होती आणि मी गुडघ्यांचं निमित्त सांगत होते.

मग एका सकाळी तिचा फोन आला. "आई, उजवा हात भाजलाय. कामावरच. फार नाही. पण येशील का?"

"फार नाही" म्हणणारे पेशंट मी पुष्कळ बघितले आहेत. त्याच संध्याकाळी गाडीत बसले. ह्यांना सकाळ-संध्याकाळचा डबा लावून दिला.

मल्लेश्वरम

वृंदा मल्लेश्वरमला एका जुन्या मराठी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. मालकीणबाई इंदिराक्का सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या घराण्याला कर्नाटकात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. त्यांचं मराठी ऐकून पहिल्यांदा मला वाटलं, या कानडी बोलतायत. "या हो, स्वल्प बसा. काफी झालं का? नाही? सरी, मी आणते." मी दोन वाक्यं मागं राहायचे आणि मग एकदम अर्थ लागायचा. आमच्याकडं पाहुण्याला पाणी विचारतात, इथं आधी कॉफी. पितळी वाटीत ठेवलेल्या पितळी पेल्यात, वाफाळती. ती प्यायले आणि प्रवासात पहिल्यांदा डोळे उघडले.

वर गेले. वृंदानं हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी, तीही डाव्या हातानं स्वतःच बांधलेली, घट्ट आणि ओली. मी आधी हात धुतले, पट्टी भिजवून सोडवली. फोड फुटले होते, कडेला लाली होती, पण पू नव्हता. बोटं हलत होती. मी तिला बोटं मिटायला लावली, उघडायला लावली. ती सदतीस वर्षांची बाई खालचा ओठ दातात धरून बसली होती, लहानपणी इंजेक्शनला बसायची तशी.

"कशानं?"

"उकळता काढा उडाला. नळीचा जोड निसटला."

"बीअरचा?"

"अजून बीअर झालेली नव्हती," ती म्हणाली. "आधी तो नुसता गोड काढा असतो."

ही माझी पहिली शिकवणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्या-उभ्या इडली खाल्ली. इथं बसायला खुर्च्या नसतात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. सूट घातलेला माणूस आणि रिक्षावाला एकाच टेबलाला टेकून सांबारात वडा बुडवत होते. माझे गुडघे मात्र कुरकुरत होते. तिथंच वृंदानं खरी गोष्ट काढली.

"आई, परवा मला एक बॅच लावायची आहे. स्टाउट, म्हणजे काळी बीअर. माझी स्वतःची पहिली. माल आलेला आहे, टाकी मोकळी आहे, पुढं टाकी मिळणार नाही. आणि मला एकच हात आहे."

"मग?"

"तू ढवळशील?"

मी इडली खाली ठेवली. अकरा वर्षं ज्या रोगाची घाण काढली, त्याचं मूळ ढवळायला मी मिरजेहून आले होते काय? हे मी तोंडानं म्हटलं नाही. पण तिनं ऐकलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "राहू दे. बघते कुणीतरी."

कुणीतरी म्हणजे तीच, डाव्या हातानं, उकळत्या काढ्याशेजारी. मला ठाऊक होतं.

"किती वाजता जायचं?" मी विचारलं.

यशवंतपूर

कारखाना यशवंतपूरला, घाऊक बाजाराच्या मागच्या अंगाला. पूर्वी तिथं कसलंसं वर्कशॉप होतं. आता पुढच्या भागात टेबलं-खुर्च्या मांडून लोकांना बीअर देतात आणि काचेच्या पलीकडं मागं ती बनवतात. आम्ही गेलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या होत्या. मला वाटलं होतं गुत्त्यासारखा वास येईल. आला तो भिजवलेल्या धान्याचा, नाचणीसत्व करताना येतो तसा.

ते बरोबरच होतं. नाचणी भिजवून मोड आणतो, वाळवतो, दळतो. तसंच इथं जवाचं करतात. त्याला माल्ट म्हणतात. वृंदानं मला दोन पोती दाखवली. एका मोठ्या पोत्यात फिकट पिवळं माल्ट. दुसऱ्या छोट्यात भाजून कोळसा केलेलं काळं जव.

"चावून बघ."

पिवळं गोडसर होतं, बिस्किटासारखं. काळं दातांखाली कुडकुडलं आणि जीभ कडू करून गेलं. तव्यावर विसरलेले शेंगदाणे, त्यांची सालं.

"यातलं किती?"

"शंभर किलोला सात-आठ किलो. बस. सगळा रंग तेवढ्यातून येतो." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "लोकांना वाटतं काळी म्हणजे जास्त कडक, जास्त चढणारी. तसं नसतं. कित्येक काळ्या बीअर पिवळीपेक्षा सौम्य असतात. रंग भाजण्याचा, नशेचा नव्हे."

मी म्हटलं, "आमच्या वॉर्डात रंग विचारून कुणाला ॲडमिट केलं नाही."

तिनं डाव्या हातानं पोत्याचं तोंड मिटलं.

तिथं बसूअण्णा होता. मूळ अथणीकडचा, पन्नाशीचा, बॉयलर आणि टाक्या सांभाळणारा. मोठा गोल चेहरा, गमबूट, आणि बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. मी मिरजेची म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला.

"मिरजंच्या व्हय अक्का तुम्ही? आमची आई तिथंच ॲडमिट होती की वो, लई वर्षांमागं. जगली. पुढं बारा वर्षं जगली." जणू मीच तिला जगवली अशा आदरानं त्यानं मला प्लॅस्टिकची खुर्ची पुसून दिली. ती खुर्ची मला त्या दिवशी फारशी लाभली नाही.

कारण मग काम सुरू झालं. मोठ्या पातेल्यासारख्या टाकीत गरम पाणी, त्यात भरडलेलं माल्ट, आणि वल्ह्याएवढ्या लांब दांड्यानं ढवळायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. पाणी उकळतं चालत नाही. हात लावता येणार नाही इतपत गरम, तेवढंच. मी ढवळत होते, वृंदा डाव्या हातानं तापमापक धरून आकडे सांगत होती, बसूअण्णा वाफ कमी-जास्त करत होता. मग तासभर झाकून ठेवायचं. धान्यातल्या पिठाची साखर होते. मग गाळायचं. खालच्या नळातून जे आलं ते बघून मी थबकले. काळंभोर, काकवीसारखं चकाकणारं.

"घे, हे चालेल तुला," वृंदा म्हणाली. "यात अजून काहीच नाही."

वाटीभर प्यायले. गोड, दाट, शेवटी जळकं. काढाच. मग तो उकळायचा, त्यात हॉप्स घालायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, त्यांच्या वाळवून केलेल्या हिरव्या गोळ्या. कडूपणा त्यांचा. मग थंड करायचं, यीस्ट सोडायचं, टाकी बंद. पुढचे दहा-बारा दिवस यीस्ट साखर खातं, आणि दारू होते ती तिथं.

पण त्याआधी गाळलेला चोथा टाकीतून बाहेर काढायचा असतो. ओला, गरम, शंभर किलोहून जास्त. तो गुरांना जातो. फावड्यानं मी आणि बसूअण्णानं काढला. अर्ध्यावर मी टाकीला टेकून उभी राहिले. खांदे गेले होते, कंबर गेली होती, घाम चष्म्यावर ठिबकत होता. बसूअण्णाही थांबला होता. त्याला धाप लागली होती, माझ्याहून जास्त. मी साठीची, तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तेव्हा मी नुसतं बघितलं.

दुपारी आम्ही बाजारात जेवायला गेलो. यशवंतपूरच्या त्या बाजारात कांद्याच्या, बटाट्याच्या पोत्यांच्या भिंती, आणि त्यांच्यामधून डोक्यावर पोती घेऊन पळणारे हमाल. "सरी, सरी" असं ओरडत जातात. मला वाटलं ठीक-ठीक म्हणतायत, तर "बाजूला सरा" असं होतं. एका पोत्यानं माझा खांदा घासला तेव्हा अर्थ कळला. वृंदानं मला बाजूला ओढलं आणि त्यांच्याकडं बोट दाखवून म्हणाली, "ही बीअर यांची आहे." तीनेकशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये हमाल लोक एक काळपट बीअर प्यायचे, हमालांवरूनच तिचं नाव पडलं पोर्टर. त्यातली जी जास्त जोरकस, तिला म्हणायचे स्टाउट पोर्टर. पुढं पोर्टर गळून पडलं, स्टाउट राहिलं. आता दोन्हींतला फरक चार जाणकारांना विचारला तर पाच उत्तरं येतात. ढोबळ सांगायचं तर स्टाउटमध्ये ते जळकं, कॉफीसारखं पुढं असतं. "तिकडं एके काळी बाळंतिणीलासुद्धा द्यायचे," ती म्हणाली.

"आम्ही अळीव देतो," मी म्हटलं, "आणि कुणाचं काही बिघडत नाही."

ती हसली. तीन वर्षांनी आम्ही दोघी एका गोष्टीवर हसलो.

खाणावळीत बसूअण्णा आमच्यासमोर बसला होता. त्याच्यापुढचं ताट तसंच होतं. दोन घास भात, संपलं. "भूकच नाही बघा अक्का." बाहेरच्या उन्हात त्यानं माझ्याकडं तोंड केलं, आणि मी ते बघितलं जे कारखान्याच्या ट्यूबलाइटखाली दिसलं नव्हतं. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हता.

परत आल्यावर मी त्याला म्हटलं, "अण्णा, बूट काढा."

"का वो?"

"काढा तर."

नर्सच्या आवाजात सांगितलं की पुरुष ऐकतात. त्यानं बूट काढले. मोज्याच्या रबराचा वळ पायात खोल रुतला होता. मी घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला, आणि तसाच राहिला. तोही त्या खड्ड्याकडं बघत राहिला.

"पोट कधीपासून वाढलंय?"

"बीअरचं पोट हाय हे, अक्का. या धंद्यात सगळ्यांचंच…"

"हात इतके बारीक आणि पोट एवढं, याला बीअरचं पोट म्हणत नाहीत. रोज किती घेता?"

तो वृंदाकडं बघायला लागला.

भांडण

घरी आल्यावर आम्ही भांडलो. मीच सुरुवात केली. दमलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं ते निघालं. मी म्हटलं, तुझ्या काचेच्या गुत्त्याला आणि आमच्या मिरजेतल्या गुत्त्याला फरक एवढाच, की तुमच्याकडं इंग्रजीत पाटी आहे.

"आई, तुला फक्त वॉर्डातली माणसं दिसतात," ती म्हणाली. "हजार लोक येतात, एक ग्लास पितात, घरी जातात. ते तुझ्या वॉर्डात कधी येतच नाहीत, म्हणून तुला माहीत नाहीत."

"आणि बसूअण्णा? तो कुणाच्या वॉर्डातला?"

ती पलंगावर बसली. पट्टी बांधलेला हात मांडीवर. मग म्हणाली, "त्याची जीभ सगळ्यांत चांगली आहे. सहा टाक्या आहेत. रोज सकाळी चव बघायला प्रत्येकीतला ग्लास मी त्याला देते. मी दोन घोट घेऊन ओतून टाकते. तो ओतत नाही, हे मला माहीत होतं." आणि मग, "मीच देत होते, आई."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण माझ्यात उठायची ताकद नव्हती. मी नुसतं म्हटलं, "उद्या त्याला घेऊन जाऊ." खालून इंदिराक्कांनी जेवणाचं विचारायला हाक मारली, "ऊट झालं का गं तुमचं?" आम्ही दोघींनी एकदमच "झालं" म्हणून सांगितलं. झालं नव्हतं.

दवाखाना

बसूअण्णा सुरुवातीला आलाच नाही. पहिल्या दिवशी बॉयलरचं काम निघालं, दुसऱ्या दिवशी बायकोला बरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी वृंदाकडून पत्ता घेऊन रिक्षानं त्याच्या घरी गेले. रिक्षावाला कानडी, मी मराठी, मधे दोघांचं मोडकं हिंदी. बनशंकरी या भागात जायचं सांगितलं आणि त्यानं मला आधी देवळाच्या दारात नेऊन सोडलं. म्हातारी बाई एकटी, म्हणजे देवालाच आली असणार. मी तिथूनच हात जोडले आणि पुढं चला म्हटलं.

बसूअण्णाची बायको रत्नव्वा दारातच उभी होती. तिला माझं मराठी कळलं. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "अक्का, मी वर्षभर सांगालोय. माझं कोण ऐकतंय?" आणि आत जाऊन तिनं नवऱ्याच्या हातात सदरा दिला.

दवाखान्यात पाच तास गेले. बाकावर बसून मला जाणवलं, आयुष्यभर मी या बाकाच्या दुसऱ्या बाजूला होते. रक्त दिलं, सोनोग्राफी झाली. तरुण डॉक्टरीण कानडीत बोलली, पण कागदावरचे आकडे सगळ्या भाषांत सारखेच असतात. पोटात पाणी. लिव्हर कडक होत चाललेलं. अजून वेळ गेलेली नाही, पण एक थेंब नाही. तिनं एक बोट वर करून दाखवलं, मग ते आडवं हलवलं. बसूअण्णानं मान डोलावली. बाहेर आल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, माझं काम काय ऱ्हायलं मग?"

वॉर्डात आम्ही त्यांना सांगायचो, सोडा, आणि डिस्चार्जचा कागद द्यायचो. सोडल्यावर सकाळी सात वाजता त्यांनी कुठं जायचं, हे कधी आमच्यावर आलं नव्हतं.

त्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. गोळ्या सुरू आहेत, पोट उतरलंय. मधे एकदा घसरला, रत्नव्वानं वृंदाला फोन केला, पुन्हा दवाखाना झाला. परवाच्या फोनवर वृंदा म्हणाली, एकवीस दिवस झाले. यापेक्षा जास्त मी काही सांगू शकत नाही. असली गोष्ट संपली असं म्हणता येत नाही.

शेवटचा दिवस

राहिलेले दिवस हात धुण्यात आणि पट्ट्या बदलण्यात गेले. वृंदाच्या जखमेवर गुलाबी कातडी आली. माझी परतीची गाडी संध्याकाळची होती आणि स्टाउट त्याच सकाळी बघायची होती. मी जाणार नव्हते. ह्यांचा फोन आला होता, "येतेस ना आज?" बॅग भरायची होती, पाय सुजले होते. तरी गेले.

बसूअण्णा आठवडाभराच्या रजेवरून त्याच दिवशी कामावर आला होता. टाकीजवळच्या स्टुलावर बसला होता, दाढी केलेली, सदऱ्यात ढिला. वृंदानं नळ सोडला. ग्लासात काळी बीअर चढत गेली आणि वर बोटभर फेस बसला, दुधाच्या कॉफीच्या रंगाचा. तिनं तो ग्लास खिडकीकडं धरला. कडेला, जिथं उजेड आरपार गेला, तिथं ती काळी नव्हतीच. गडद तांबडी होती, डाळिंबाच्या दाण्यासारखी.

तिनं एकच ग्लास भरला होता. बसूअण्णानं हात पुढं केला होता, तो त्यानं गुडघ्यावर ठेवला.

"वास तरी घेऊ दे गं," तो म्हणाला.

वृंदानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. नको.

तिनं दोन घोट घेतले आणि ग्लास पुन्हा उजेडात धरला. तिला काहीतरी वाटत होतं, पण सांगवत नव्हतं. बसूअण्णा म्हणाला, "हिचं काय खरं नाही अक्का. स्वतःचं पोर कुणाला काळं दिसतंय? तुम्ही प्या नि मला सांगा."

"मी?"

"तुम्ही ढवळलीय की वो."

एकसष्टाव्या वर्षी मी बीअरचा पहिला घोट घेतला. फार गार नव्हती; गार केली तर हिची चव मरते म्हणे. पहिल्यांदा नुसतं कडू लागलं. मी तोंड वाकडं केलं.

"कडू हाय हे मला ठावं हाय," तो म्हणाला. "कसलं कडू? औषधाचं का भाजल्याचं?"

मी थांबून बघितलं. "भाजल्याचं. करपलेल्या भाकरीचा पापुद्रा असतो ना, तसं."

"हं. मागनं?"

"बिनसाखरेची कॉफी."

"अजून मागनं. गिळल्यावर."

"थोडं गोड आहे. काकवीचं बोट चाटून झाल्यावर राहतं, तेवढंच."

"आंबट?"

"नाही."

"पाण्यासारखी पळतीय का जिभंवर बसतीय?"

"बसतेय. सायीसारखी."

वृंदा माझ्याकडं बघत होती. मी तिला मार्क देणार असल्यासारखी उभी होती ती. बसूअण्णानं डोळे मिटले होते. त्याचे ओठ बंद होते, हात गुडघ्यांवर, आणि त्याच्या गळ्यातली घाटी एकदा वर जाऊन खाली आली.

"गडबड केलासा अक्का," तो डोळे न उघडता म्हणाला. "आणखी एक घ्या. या खेपेला सावकाश."

मी दुसरा घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, आणि गिळल्यावर त्याला पहिल्यापासून सांगायला लागले.